असर ते मगरिब

या महिन्याचा विषय पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल. विषय आहे चेंडू. त्यातही फुटबॉलच्या स्पर्धा, संघ आणि चषक यांच्याविषयी मला काही सांगायचे नाही. दोघा-तिघांनी समोरासमोर उभे राहून पायाने चेंडू एकमेकांकडे ढकलत राहणे, एवढाच हा खेळ. त्यात गोल नाही, पंच नाही, हार-जीत नाही. मगरिबची अजान झाली की तो थांबतो. मुले त्याला 'पासिंग' म्हणतात.

आमच्या कोल्हापूरच्या बाजूला फुटबॉलचे वेड जुने आहे. पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि त्या दिवशी सारे शहर दोन रंगांत विभागले जाते. मराठीच्या वर्गात शिकत असताना मला या 'तालीम' शब्दाचे फार नवल वाटे. मदरशात आम्ही ज्याला तालीम म्हणत होतो ते शिक्षण. तोच अरबी शब्द मराठीत आला आणि कुस्तीच्या लाल मातीत उतरला. पुढे तालमींनी फुटबॉलचे संघ उभारले तेव्हा तो मैदानावरही गेला. हाफिजाची तालीम आणि पैलवानाची तालीम एकाच धातूची. परंतु हे विषयांतर झाले.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून माझ्या हुजऱ्यात आले. गृहस्थ सज्जन, पाच वेळच्या जमाअतीचे पाबंद, लहानसा व्यवसाय सचोटीने करणारे.

“मौलाना, आता तुम्हीच याला सांगा. माझे ऐकत नाही. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि चेंडू घेऊन बाहेर पडतो. हे खेळणे हराम आहे, एवढे एकदा याच्यासमोर बोला.”

मुलगा खाली मान घालून चटईच्या काठाकडे पाहत होता. मी लगेच बोललो नाही. त्याचे कारण त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. वाचकांना मात्र सांगितले पाहिजे. त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे, एका संध्याकाळी मी हदीसच्या दर्साची तयारी करीत असताना बाहेरून एक चेंडू थेट हुजऱ्याच्या खिडकीवर आदळला. काच फुटली नाही, पण माझा संताप मात्र उसळला. मी बाहेर जाऊन चेंडू उचलला, समोर उभ्या असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मशिदीच्या अदबीवर चार कठोर वाक्ये सुनावली आणि चेंडू आत नेऊन लाकडी कपाटात कुलूपबंद केला. मुलगा पुढचे काही दिवस नमाजला येत राहिला. सलाम फेरला की त्याची नजर हुजऱ्याच्या दाराकडे जाई. ते मला दिसत होते. मी ठरवले होते की त्याने माफी मागावी, मग द्यावा. काही दिवसांनी तो यायचा बंद झाला. चेंडू कपाटातच राहिला. सहा वर्षे मदरशात घालवून जे शिकलो होतो, त्यातले काहीच मला त्या संध्याकाळी आठवले नाही.

म्हणून त्या गृहस्थांना मी उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारला. दिवसातून मुलाशी किती वेळ बोलता?

“बोलतो की. अभ्यास झाला का, नमाज पढलास का, रोज विचारतो.”

आता हराम-हलालचा प्रश्न. पवित्र कुरआनमध्ये ऐहिक जीवनाला अनेक ठिकाणी खेळ आणि मनोरंजन म्हटले आहे, हे आपण सर्व जाणतो. सूरह जुमुआच्या अखेरीस, व्यापारी तांडा आल्याचे कळताच लोक प्रेषितांना खुतब्यात उभे सोडून तिकडे धावले, त्याबद्दल नापसंती व्यक्त झाली आहे आणि तेथे व्यापाराबरोबर मनोरंजनाचाही उल्लेख आहे. या आयतींचा आधार घेऊन मुलांच्या हातातील चेंडू हिसकावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच आयतीत व्यापारही आहे. मग दुकानालाही कुलूप लावणार काय? दोष आहे तो अल्लाहच्या हाकेहून दुसऱ्या कशाला मोठे मानण्याचा. तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांतील एका हदीसचा आशय असा की, माणसाचे सारे खेळ व्यर्थ, अपवाद तिरंदाजीचा, घोड्याला शिकवण्याचा आणि आपल्या 'अहल'बरोबर खेळण्याचा. तेथे 'अहल' या शब्दाचा पहिला अर्थ पत्नी असा आहे, हे मी लपवणार नाही. तथापि शरीराला बळ देणारे आणि घरात जिव्हाळा वाढवणारे खेळ याच वर्गात बसतात, असे विद्वानांनी मानले आहे, आणि 'व्यर्थ' म्हणजे निषिद्ध नव्हे, तर ज्यात पुण्य नाही असे, हेही त्यांनी उलगडून सांगितले आहे.

अटी आहेत, आणि त्या सर्वांना ठाऊक असल्यामुळे थोडक्यात सांगतो. पुरुषाचे सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. तेव्हा मांड्या उघड्या टाकणारी आखूड चड्डी घालून खेळू नये. मदरशात आम्ही कुर्ता-पायजम्यावर खेळत असू आणि त्यामुळे कोणाचा पाय आखडल्याचे आठवत नाही. नमाजची वेळ टळता कामा नये. तोंडी शिवी येऊ नये. आणि पैजेचा प्रश्न. हरणाऱ्या बाजूने सर्वांना थंड पेय पाजायचे, ही गल्लीतील पद्धत अनेकांना निरुपद्रवी वाटते. दोन्ही बाजूंनी हार-जितीवर पैसा लावला की तो किमार, म्हणजे जुगार झाला. रक्कम दहा रुपये असो वा दहा हजार. बघणाऱ्या चाचांनी स्वखुशीने सर्वांना खाऊ दिला, तर गोष्ट वेगळी. साध्या पासिंगमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे हरण्यासारखे काही नसते. मला तो खेळ आवडण्याचे हेही एक कारण आहे.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. अस्लम कबिल्याचे काही लोक तिरंदाजी करीत होते. प्रेषित (सल्ल.) तेथून जात असताना त्यांनी एका गटाला उत्तेजन दिले आणि आपण त्यांच्या बाजूचे आहोत असे म्हटले. त्याबरोबर दुसऱ्या गटाने हात आवरले. कारण विचारताच ते म्हणाले, आपण त्यांच्या बाजूला असताना आम्ही कसे मारावे? तेव्हा प्रेषितांनी त्यांना बाण चालवण्यास सांगितले आणि आपण तुम्हा सर्वांच्या बरोबर आहोत असे सांगितले. हा प्रसंग वाचताना मला प्रत्येक वेळी त्या दुसऱ्या गटाचे थांबलेले हात दिसतात. कोणी बाजू घेतली की खेळाचा आनंद निम्म्यांचा होतो, हे प्रेषितांनी क्षणात ओळखले. घरात दोन भाऊ असतील आणि वडील सदैव चपळ मुलाचेच कौतुक करीत असतील, तर दुसऱ्या मुलाचे हातही असेच थांबलेले असतात.

खेळाविषयी पवित्र कुरआनमधील जो प्रसंग मला सर्वाधिक विचार करायला लावतो, तो सूरह यूसुफमधील आहे. भावांनी हजरत याकूब (अलै.) यांच्याकडे धाकट्या यूसुफला मागितले ते खेळाच्या निमित्ताने. उद्या त्याला आमच्याबरोबर पाठवा, तो मजेत खाईल, खेळेल, आम्ही त्याची राखण करू, असे ते म्हणाले. वडिलांनी काय उत्तर दिले? खेळू नये, असे ते म्हणाले नाहीत. नबींचे घर, नबींचा मुलगा, आणि खेळाला नकार नाही. अनेक भाष्यकारांनी यावरून वैध खेळाची अनुमती सांगितली आहे. हजरत याकूब (अलै.) यांना भीती होती ती भावांच्या बेसावधपणाची. तुमचे लक्ष नसताना त्याला लांडगा खाईल, असे ते म्हणाले.

पुढे काय झाले ते आपण जाणतो. भावांनी त्याला विहिरीच्या तळाशी टाकले आणि रात्री रडत घरी आले. आता त्यांनी रचलेली सबब पाहा. आम्ही शर्यतीत धावत गेलो आणि यूसुफला आमच्या सामानाजवळ सोडले, तेवढ्यात लांडग्याने त्याला खाल्ले.

सबब खोटी होती. परंतु खोटे बोलणारा माणूस अशीच गोष्ट रचतो, जी ऐकणाऱ्याला सहज पटावी. मोठी मुले खेळायला गेली की धाकट्याला सामानाजवळ बसवतात, ही रीत त्या काळीही इतकी सर्वपरिचित असावी की भावांना दुसरी सबब शोधावी लागली नाही. आमच्या गल्लीत आजही तेच चालते. मोठी मुले चेंडू खेळतात आणि पाच-सहा वर्षांचा धाकटा भाऊ चपलांच्या ढिगाजवळ बसून असतो. त्याला म्हणतात, तू चपला सांभाळ. तो बिचारा सांभाळतो. खेळायला गेलेल्या मोठ्या मुलांना माझे एवढेच सांगणे असते की, पासिंग करताना दर चार-पाच पासनंतर एक चेंडू त्या चपलांच्या बाजूला जाऊ द्या. त्याला मारता आला नाही तरी चालेल.

मुलांना हे सांगताना एके दिवशी मीच अडखळलो. शर्यतीत धावणारे कोण आहेत आणि सामानाजवळ कोण बसले आहे? आज धावतो आहे तो बाप. दुकान, कर्ज, घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, परदेशातील नोकरी. ही शर्यत बहुधा हलालच आहे, आणि कुटुंबासाठी घाम गाळणाऱ्याला शरीअतने मोठा मान दिला आहे. पण धावता धावता त्याने मुलाला सामानाजवळ बसवले आहे. ते सामान उत्तम आहे. चांगली शाळा आहे, शिकवणी आहे, सायकल आहे, हातात मोबाइल आहे. हजरत याकूब (अलै.) यांना ज्या बेसावधपणाचे भय वाटले, तो बेसावधपणा करायला वाईट माणूसच असावे लागते असे नाही.

त्या गृहस्थांना मी फतवा दिला नाही. मी म्हणालो, उद्यापासून आठवडाभर असरची नमाज झाली की पंधरा मिनिटे याच्याबरोबर चेंडू खेळा, मग पुढच्या शुक्रवारी या. त्या वेळी हराम म्हणायचे असेल तर आपण मिळून म्हणू.

ते जवळजवळ रागावले. “मौलाना, माझे वय आहे का हे? लोक काय म्हणतील?”

मी त्यांना हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत सांगितली. प्रवासात प्रेषितांनी बरोबरच्या लोकांना पुढे जाण्यास सांगितले आणि आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी आयेशा जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित जिंकले. तेव्हा ते हसून म्हणाले की ही त्या शर्यतीची फेड. प्रेषितांनी तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. मदीनेच्या राज्याचा, मशिदीचा आणि साऱ्या उम्मतचा भार खांद्यावर असलेले प्रेषित एका शर्यतीचा हिशेब इतका काळ मनात जपून ठेवतात, ही गोष्ट आपल्या घरांत पुरेशी सांगितली जात नाही. लोकांना पुढे जायला सांगितले, यातील नाजूकपणाही पाहण्यासारखा आहे. लोक काय म्हणतील या काळजीचे उत्तर त्यात आहे. रस्त्यावर संकोच वाटत असेल तर गच्चीवर खेळा.

वेळेविषयीही थोडे सांगतो. असरच्या फर्ज नमाजनंतर सूर्यास्तापर्यंत नफिल नमाज पढली जात नाही. आपण हनफी आणि कोकणातील आपले शाफई बांधव, दोघांकडेही विनाकारण नफिल पढण्यास त्या वेळेत मनाई आहे. मदरशाच्या दिनक्रमातही हाच वेळ मोकळा सोडलेला असतो. आमचे एक वयोवृद्ध उस्ताद तेव्हा हातात तसबीह घेऊन मैदानाच्या कडेने फिरत. चेंडू त्यांच्या पायाशी आला की ते ओठ हलवत राहूनच तो बुटाच्या टोकाने आमच्याकडे परत करीत. त्यांनी आम्हाला खेळाच्या फजीलतीवर किंवा दोषांवर एकदाही काही सांगितले नाही. सूर्य मावळताना मुलांना घरात घ्यावे, कारण त्या वेळी शैतान पसरतात, अशी प्रेषितांची ताकीद बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. म्हणजे त्या खेळाची मर्यादाही ठरूनच आलेली आहे. मगरिबला चेंडू घरात आणि पाय वुजूच्या पाण्यात.

आता त्या पंधरा मिनिटांत काय घडते ते पाहू. बाप आणि मुलगा आपल्या घरांत समोरासमोर बसतात तेव्हा त्यांच्यामध्ये बहुधा प्रगतिपुस्तक असते. बाप विचारतो, मुलगा उत्तर देतो किंवा देत नाही. चेंडूच्या खेळात दोघांची नजर चेंडूवर असते. कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही. शब्द बोलायचा नसेल तर चेंडू परत केला की पुरे. आणि एक गोष्ट मी खेळूनच शिकलो. समोरच्याला किती जोराचा चेंडू पेलेल, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. लहान मूल असेल तर पाय आखडता घ्यावा लागतो. मागच्या सफीतून बाळाचे रडणे ऐकू आले तर त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून प्रेषित (सल्ल.) नमाज आटोपशीर करीत, इमामाने आपल्या मागील दुर्बळ, वृद्ध आणि गरजू माणसांचे भान ठेवावे असा त्यांचा आदेश आहे. इमामत करताना ते भान मला नेहमी राहतेच असे नाही. सहा वर्षांच्या मुलाकडे चेंडू ढकलताना मात्र ते आपोआप राहते. नातवाने सजद्यात पाठीवर बसावे आणि त्याचे मन भरेपर्यंत प्रेषितांनी सजदा लांबवावा, हा प्रसंग नसाईच्या संग्रहात आहे. मागे उभ्या असलेल्या सहाब्यांना वाटले की काही घडले असावे किंवा वह्य उतरत असावी.

ते गृहस्थ पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. त्यानंतरच्या शुक्रवारी आले आणि एकटेच आले. पुढील मजकूर मी त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे.

पहिल्या दिवशी मुलगा लाजला आणि पाच मिनिटांत खेळ संपला. दुसऱ्या दिवशी बापाच्या चपलेचा अंगठा तुटला आणि दोघे हसले. चौथ्या की पाचव्या दिवशी, चेंडू परत करता करता मुलगा चेंडूकडेच पाहत म्हणाला, “अब्बा, शिकवणीची फी मी भरलेली नाही.” बापाने चेंडू पायाखाली थांबवला. मुलाने फीचे 1,800 रुपये एका मोठ्या मुलाच्या सांगण्यावरून मोबाइलवरील सट्ट्यात लावले होते आणि घालवले होते. गेले दोन महिने तो शिकवणीला जात नव्हता. त्या वेळात तो बाहेर चेंडू खेळत असे. आईला ठाऊक नव्हते. त्या मोठ्या मुलाचे आणखी 400 रुपये देणे होते आणि तो दररोज तगादा लावत होता.

“मौलाना,” ते गृहस्थ म्हणाले, “माझा हात उठला होता. पण पायाखाली चेंडू होता. काय करावे सुचेना, म्हणून मी तो परत त्याच्याकडे ढकलला.”

मुलाने तो अडवला आणि मग रडत रडत सारे सांगितले. बापाने शिकवणीची फी भरली. जुगाराचे देणे शरीअतच्या दृष्टीने देणेच नव्हे, तेव्हा त्या मोठ्या मुलाच्या वडिलांची गाठ घेऊन तो तगादा बंद केला. 1,800 रुपये मुलाने सुट्टीत दुकानात काम करून फेडायचे ठरले आहे. मुलाने माझ्यासमोर येऊन तौबा करावी असे वडिलांना वाटत होते. मी नको म्हणालो. तौबा अल्लाहपुढे करायची असते आणि ती त्याने गल्लीत रडताना केली असावी, असे मला वाटते. जो माणूस चेंडू हराम ठरवून घ्यायला आला होता, त्याच्या घरात खरा हराम मोबाइलमधून शिरला होता, ही गोष्ट त्यांनी स्वतःच बोलून दाखवली.

ज्या घरांतील वडील आखातात आहेत, जहाजावर आहेत किंवा अल्लाहच्या घरी गेले आहेत, त्या घरांतील मुलांसमोर कोणी उभे राहायचे, हा प्रश्न राहतो. मामू आहेत, चाचा आहेत, शेजारी आहेत. यतीमाचे पालन करणारा जन्नतमध्ये आपल्याजवळ असेल, हे सांगताना प्रेषितांनी दोन बोटे दाखवली. पालन म्हटले की आपल्यासमोर ईदचे कपडे आणि शाळेची फी येते. ती द्यावीच. त्याबरोबर महिन्यातून काही संध्याकाळीही द्याव्यात.

आणि मुलींविषयी. हजरत आयेशा (रजि.) यांच्या मैत्रिणी खेळायला येत, प्रेषितांना पाहून त्या लपत, तेव्हा प्रेषित त्यांना परत आयेशांकडे पाठवीत. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा त्यांनी आयेशांना आपल्या आडोशाला उभे करून, त्यांचे मन भरेपर्यंत ते खेळ दाखवले. आपल्याकडे मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या पायातील चेंडू काढून घेतला जातो आणि हातात लाटणे दिले जाते. पडद्याची मर्यादा मला मान्य आहे, ती पाळलीच पाहिजे. पण गच्ची आहे, घराचे अंगण आहे, समोर स्वतःचे वडील किंवा भाऊ आहे. तेथे कोणती मर्यादा ओलांडली जाते? याविषयी मला पत्रे येतील, हे ठाऊक असूनही लिहितो.

शेजाऱ्यांच्या हक्काची गोष्ट राहू नये. दुपारी आजारी माणूस झोपलेला असतो, कोणाच्या दारात पापड वाळत असतात. रस्त्यावर बसणाऱ्यांना प्रेषितांनी रस्त्याचा हक्क देण्यास सांगितले आणि त्या हक्कांत इतरांना त्रास न देणे मोजले. खेळणाऱ्यांनाही तेच लागू आहे. काच फुटली तर पळून जाऊ नये. प्रेषितांच्या घरात एकदा एका पत्नीच्या हातून दुसऱ्या पत्नीच्या घरून आलेले जेवणाचे भांडे फुटले. प्रेषितांनी स्वतः त्याचे तुकडे आणि सांडलेले अन्न गोळा केले, आणि फुटलेल्या भांड्याच्या बदल्यात अखंड भांडे पाठवून दिले. घरातील कोणावर ते ओरडले नाहीत, आणि ज्यांचे भांडे होते त्यांचा हक्कही बुडू दिला नाही. खिडकीची काच फुटलेल्या घरी मुलाला बरोबर घेऊन जावे, काच मोजून नवी बसवून द्यावी. सोबत चार शब्द बोलावेत, त्यांत मुलाचा अपमान नसावा.

माझ्या खिडकीची तर काचही फुटली नव्हती.

त्या गृहस्थांचे सारे ऐकल्यावर मी कपाट उघडले. दोन वर्षांत चेंडूतील हवा गेली होती आणि एका बाजूने तो चेपला होता. सायकलच्या दुकानात नेऊन हवा भरून घेतली. त्या मुलाचे घर शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. इतके दिवस मी ते शोधले नव्हते एवढेच. हजरत अनस (रजि.) लहान असताना प्रेषितांनी त्यांना कामाला पाठवले आणि ते वाटेत खेळणाऱ्या मुलांजवळ रेंगाळले. प्रेषितांनी मागून येऊन त्यांची मान धरली. अनस यांनी वळून पाहिले तर प्रेषित हसत होते. ही हदीस मी त्या आधी किमान दहा वेळा दर्समध्ये सांगितली असेल. त्या घराच्या पायऱ्या चढताना ती मला वेगळ्याच अर्थाने आठवत होती.

मुलगा आता बारा वर्षांचा झाला आहे, उंच झाला आहे. त्याच्या आईने दार उघडले आणि इमाम दारात उभा पाहून ती घाबरली. मी मुलाला म्हणालो की, त्या दिवशी माझी चूक झाली, तुझी वस्तू मी इतके दिवस विनाहक्क ठेवली, मला माफ कर. तो काही वेळ चेंडूकडे पाहत राहिला. मग म्हणाला की माफ केले, पण चेंडू आता त्याला लहान पडतो. तो मशिदीतच राहू द्यावा, असरनंतर कोणाला तरी लागेल.

तो नमाजला अजून पलीकडच्या मोहल्ल्यातील मशिदीत जातो. मी त्याला आग्रह केलेला नाही. चेंडू हुजऱ्याच्या दाराजवळच्या कोनाड्यात असतो, कपाटात नव्हे. असरचा सलाम फेरला की कोणीतरी तो घेऊन जातो आणि मगरिबच्या आधी आणून ठेवतो. दर पंधरा दिवसांनी त्यात हवा भरावी लागते.